पार्किंगमधला विसावा

शनिवारी निघालो होतो खडकवासल्याला कणसं खायला. पण अर्ध्या पुण्याला तीच बुद्धी सुचलेली. गाडी मुंगीच्या पावलानं सरकत असताना नवरा म्हणाला, "हंपी झालं, बदामी झालं. राहतेस ते गाव पाहिलंयस का कधी?"

बोलणं झोंबलं, कारण खरं होतं. आमचा टॉवर ज्या गावात आहे ते महापालिकेत गेलं, आणि त्यातलं मला ठाऊक होतं ते फक्त मेडिकलचं दुकान. गाडी घरी लावून आम्ही पायीच निघालो.

तुम्हालाही यायचं असेल तर जरूर या, पण गावाचं नाव सांगत नाही. स्वारगेटहून बस पकडा, कर्वेनगर ओलांडा आणि दिसेल त्या गावाच्या कमानीत शिरा. गाडी मात्र आणू नका. जिथे बैलगाडी जेमतेम वळायची तिथे तुमची एसयूव्ही काय वळणार!

आत चैत्रातल्या जत्रेची गडबड होती. पाव किलो गोडीशेव घेतली आणि ती खातखातच भैरवनाथाच्या देवळात पोचलो. दाराशी एक वीरगळ होता, लढाईत पडलेल्या कुणा वीराचा कोरीव दगड. खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापाशी बसलेला तो. कोण, कुठला, कुणालाच सांगता येईना. शेंदूर मात्र ताजा होता.

ओसरीवर पालखीचे मानकरी, दगडूआबा, चिंचेनं पितळ घासत बसले होते.

"कुठं ऱ्हाता, ताई?"

मी सोसायटीचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. आबांनी कान पुढे केला. मग इमारतीची खूण सांगितली.

"मंजी भुताच्या पट्टीत!"

वास्तुशास्त्र पाहून फ्लॅट घेतलेल्या आमच्या ह्यांचा घास घशातच अडकला.

"भूतबित काय न्हाय वो. भुईमूग चोरीला जायचा, म्हनून आमच्या पणज्यानं उठवलेली हूल ती." मग आबांनी सगळ्या शेतांची नावं सांगितली. सासूचं वावर, पाणंदीचं, चिंचेचं. आता तिथे अनुक्रमे जिम, शाळा आणि पिझ्झावाला आहे. हसून हसून माझं पोट दुखलं.

मग आबांनी पितळ बाजूला ठेवलं. "तुमच्या त्या पट्टीत नाथाचा इसावा हाय. पालखी त्या दगडावर टेकायची. गेट झालं तवापासनं भाईरच नारळ फोडून माघारी फिरतोय. गुडघं गेलं माजं, उद्याचा खांदा शेवटचा. येकदा आत टेकली असती, तर बरं झालं असतं."

म्हणजे आमच्या पार्किंगमधला, जनरेटरमागचा दगड! त्यावर आम्ही मनी प्लांटची कुंडी ठेवलीय. काही झालं तरी उद्या पालखी आत आलीच पाहिजे, असं मनापासून वाटलं.

संध्याकाळी सोसायटीचे अध्यक्ष लेलेकाका यांना गाठलं. त्यांनी नियमावली डोळ्यांखालून घातली. "फेरीवाल्यांना मनाई आहे. देवाबद्दल काही लिहिलेलं नाही. नोटीस लावावी लागेल."

"मनाईची?"

"गाड्या हलवण्याची. सुरुवात तुमच्यापासून करा. तुमचीच आडवी असते."

रविवारी ऊन उतरताना ढोल ऐकू आला आणि सगळा टॉवर खाली उतरला. कुंडी हलवली होती, दगड धुतला होता, कुणीतरी रांगोळीही काढली होती. गुलालानं माखलेले आबा पालखीच्या दांडीखाली लंगडत येत होते. गेटवर नवा वॉचमन होता, यवतमाळकडचा. त्यानं सवयीनं विचारलं, "कोणत्या फ्लॅटला जायचं, काका?"

ढोल थांबला.

"कुठल्याच न्हाय, बाबा," आबा आम्हा टॉवरवाल्यांकडे मान वळवत म्हणाले. "देव घरी आलाय. पाव्हणं ही समदी."

हशा पिकला. लेलेकाकांनी स्वतः गेटचा दांडा वर केला. पालखी दगडावर टेकली तशी आबांनी त्यावर डोकं ठेवलं, आणि ते बराच वेळ उचलेनात. माझे डोळे भरून आले. इतकी गावं हिंडले, पण पोचल्यासारखं असं कुठेच वाटलं नव्हतं.

शेवटी लेलेकाका पुढे झाले. नेहमीचा तिरकस सूर कुठे गेला होता कोण जाणे. त्यांनी हळूच विचारलं, "मग आबा, आम्ही राहू ना इथे?"

"ऱ्हावा की," आबा म्हणाले. "जागा लई हाय."