सरोजला आज खरं सांगितलं

कम्युनिटीतल्या मंडळींनो, आज दुपारचीच गोष्ट आहे. तुमचं मत हवंय.

यांची जयपूरला बदली झाल्यापासून मी एका संस्थेचं काम करते. मेनिंजायटिस झालेल्या मुलांच्या घरच्यांना आम्ही भेटतो. आज हॉस्पिटलात जयपूरजवळच्या चाकसू गावची सरोज भेटली. तिच्या चार वर्षांच्या मुलीचा धोका टळलाय, उद्या घरी सोडणार आहेत. मी तिला सांगितलं, "जाण्याआधी कान तपासून घे. या आजारात ऐकू येणं कमी होऊ शकतं. माझ्या मुलीलाही हाच आजार झाला होता."

तिने लगेच विचारलं, "दीदी, अब कितनी बड़ी है आपकी बेटी?"

मी म्हटलं, "ती राहिली नाही. साधा ताप समजून आम्ही दोन दिवस घरीच थांबलो."

सरोजने बाकावर सरकून मला जागा करून दिली. मग म्हणाली, "कान की जाँच में आप साथ चलोगी?"

गेलो. मुलीला डाव्या कानाने कमी ऐकू येतंय. बरं झालं आजच कळलं, उपचार सुरू होतील.

याआधी इतर मुलांच्या आयांनी माझ्या मुलीबद्दल विचारलं की मी "बरी आहे" म्हणायचे. त्यांना धीर वाटावा म्हणून. त्यांना आता फोन करून खरं सांगावं का? तुम्ही काय केलं असतं?