एकशे बारावी डबी

बुआलायला टाळायचं तर मागच्या दाराने पळावं लागे, आणि मागच्या दारातही तीच उभी असण्याची शक्यता असे. आरोग्य केंद्राची स्वयंसेविका म्हणून एकवीस वर्षं ती बान नोंग सिम गावात घरोघर फिरत होती. कुणाचा रक्तदाब मोज, कुणाच्या रांजणातल्या अळ्या बघ, आणि तीन-चार वर्षांतून एकदा डब्या वाट. झाकणाच्या इवल्याशा डब्या. त्यात प्रत्येकाने सकाळची शी द्यायची, शहरात ती तपासायचे आणि कुणाच्या पोटात लिव्हरच्या जंताची अंडी आहेत ते कळवायचे.

हा जंत कच्च्या माशातून येतो, वर्षानुवर्षं पित्ताच्या नळीत राहतो आणि शेवटी तिथे कर्करोगाची गाठ करतो. तळ्यातले बोटभर मासे बारीक कापायचे, वर लिंबू, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड आणि मूठभर लाल मुंग्या घातल्या की झाला कोय. लिंबाने मासा शिजतो आणि उरलंसुरलं तांदळाची दारू मारते, हे इथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. लिंबाने मासा नुसता पांढरा पडतो, जंत आत मजेत असतो, असं बुआलायने हजारदा सांगितलं असेल. लोक हसत ऐकून घेत आणि तिला जेवायला थांबवत. ती स्वतः कच्च्याला शिवत नसे. बाप पिवळा पडून गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि तेव्हापासून तिने ते सोडलं.

तिचा थोरला भाऊ खाम्पून मात्र कोय करणाऱ्यांतला राजा. लग्न असो, तळं उपसणं असो, त्याच्या सुरीशिवाय गावाचं पान हलत नसे.

तीन वर्षांपूर्वी गावाला एकशे बारा डब्या आल्या आणि एकशे अकरा भरून परत आल्या. राहिली होती ती खाम्पूनची.

"मी माझी घाण शहरात पाठवत नाही," तो म्हणाला. "तिथल्या पोरी दुर्बिणीतून बघणार. त्यांना नसेल, मला लाज आहे."

"दादा, तीन दिवस खेटे घालतेय मी. सगळ्या तालुक्यात शंभर टक्के डब्या देणारं आपलंच गाव होईल."

"मग चौथ्या दिवशीही ये. भात खाऊन जा."

चौथ्या दिवशी त्याने खरंच डबी दिली, केळीच्या पानात बांधून, आहेर द्यावा तशी. "घे. आता माझ्या अब्रूचं काही शिल्लक नाही," म्हणाला. बुआलाय स्कूटरवरून निघाली. देवळाजवळच्या खड्ड्यात पिशवी उडाली, डबी रस्त्यावर पडली आणि मागून येणारी उसाची गाडी तिच्यावरून गेली.

केंद्राची गाडी बर्फाचा डबा घेऊन तिच्या दारात उभी होती. परत जाऊन दादाकडे दुसऱ्यांदा मागण्याचं तिला धाडस झालं नाही. तिच्याकडे एक जादा डबी होती. ती घराच्या मागे गेली, स्वतःचीच थोडी त्यात घातली आणि वर दादाचं नाव लिहिलं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. गोड बोलून दादाला नंतर केंद्रात नेऊ, असं तिने मनाला सांगितलं आणि मनानेही ते लगेच मान्य केलं.

महिन्याने कागद आले. खाम्पूनच्या कागदावर लिहिलं होतं, अंडी आढळली नाहीत. त्याने तो प्लास्टिकमध्ये घालून मासे कापायच्या पाटाच्या वर भिंतीला ठोकला. बुआलायने तोंड उघडलं की तो सुरीने कागद दाखवी. "सरकारने लिहून दिलंय. तू काय सरकारपेक्षा शहाणी?"

पाहुणे हसत. बुआलायही हसे आणि भाताचा पुढचा घास घेई. सांगावं तर एकशे बारा कागदांवरचा गावाचा विश्वास उडणार, पुढे कुणी तिला डबी देणार नाही. न सांगावं तर हा माणूस तिच्या भरवशावर रोज विष खातोय. पहिल्या आठवड्यात सांगणं अवघड होतं. वर्षाने ते अशक्य झालं. आपण भित्र्या आहोत हे तिला पक्कं कळलं होतं आणि कळून काही फरक पडत नव्हता.

या उन्हाळ्यात खाम्पून अंग खाजवू लागला. पँट सुतळीने बांधू लागला. "म्हातारा होतोय," म्हणे. त्याच्या बायकोने हळूच सांगितलं की त्याची लघवी काळ्या चहासारखी होतेय. त्याच आठवड्यात सोनोग्राफीची गाडी देवळाच्या मंडपात येणार असल्याचं पत्र आलं, सोबत बोलवायच्या लोकांची यादी. ज्यांच्या डबीत अंडी निघाली होती, त्यांचीच नावं. खाम्पूनचं नाव असणार कुठून?

ती तडक त्याच्याकडे गेली. तो मासे कापत बसला होता.

"दादा, तो कागद तुझा नाही."

"मग कुणाचा? नाव तर माझं आहे."

तिने सगळं सांगितलं. खड्डा, उसाची गाडी, जादा डबी, घराची मागची बाजू. खाम्पून काही वेळ कापतच राहिला. मग त्याने सुरी ठेवली.

"म्हणजे तीन वर्षं मी तुझ्या शीच्या जोरावर खाल्लं?"

"हो."

"आणि तू इथे बसून बघत होतीस. माझ्याच घरचा भात खात."

त्याने पाटावरचा मासा कोंबड्यांपुढे फेकला. मग म्हणाला, "उद्या येतो. पण तिथे मी बोलेन. तू शब्द काढलास तर टेबलावरून उठून घरी जाईन."

मंडपात रांग लागली होती. नर्सबाई वाराफोनने यादी चाळली. "मामा, तुमचं नाव नाही. तुमचं स्वच्छ आहे."

"ती डबी माझी नव्हतीच," खाम्पून मोठ्याने म्हणाला. "मला लाज वाटली. नातवाची भरून दिली."

सगळी रांग खो खो हसली. कुणीतरी ओरडलं, "तरीच म्हटलं, पोट इतकं कोवळं कसं!" वाराफोनने त्याला पोरासारखं झापलं. बुआलायने तोंड उघडलं. खाम्पूनने टेबलावर चढता चढता तिच्याकडे पाहिलं, आणि ते तोंड तसंच मिटलं.

वाराफोनने पोटावर यंत्र फिरवलं. उजव्या बाजूला तिचा हात थांबला, पुढे गेला, परत तिथेच आला. रांगेतलं हसणं हळूहळू थांबलं.

शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की गाठ पित्ताच्या नळीत आहे आणि कापण्यापलीकडे गेली आहे. दोन-तीन वर्षं आधी यायला हवं होतं.

घरी आल्यावर बुआलाय त्याच्या खाटेशी बसून रडली. "दादा, मी सगळ्यांना खरं सांगते. मला हे सोसत नाही."

"सांग आणि मग बघ कोण देतंय तुला डबी," तो डोळे मिटून म्हणाला. "माझा नातू याच गावात वाढायचाय. तुला सोसत नाही म्हणून त्याचं नुकसान करू नकोस."

त्याने माफ केलं की शिक्षा दिली, ते तिला समजलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

पावसाळा संपताना नव्या डब्या आल्या. वाराफोन म्हणाली, "मावशी, या वेळी भाषण नको. खाम्पूनमामांची गोष्ट सांगा. सख्खी बहीण सांगतेय म्हटल्यावर लोकांना पटेल."

आणि पटलं. ती दारोदार सांगू लागली की दादाने लाजेपोटी नातवाची डबी दिली आणि आज तो हळदीसारखा पिवळा होऊन पडलाय. ज्या घरांत पूर्वी तिला पाहून दार लोटत, तिथली माणसं गुपचूप डबी घेत. पहिल्याच सकाळी साठ डब्या परत आल्या.

म्हातारी ओन्सीने मात्र डबी हातात धरून तिला निरखलं. "एकवीस वर्षं हेच गोळा करतेस तू. पोराची कुठली आणि साठीच्या बाप्याची कुठली, तुला नुसती डबी बघून कळलं नाही?"

"नाही, आजी," बुआलाय म्हणाली आणि यादीत ओन्सीच्या नावापुढे खूण केली.