परत दाखवणाऱ्या बाई

सिनेमा सुरू होण्याआधी बाई मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकायच्या आणि म्हणायच्या, "आता घाई नाही."

कल्याणच्या आमच्या कॉलेजात त्या तत्त्वज्ञान शिकवायच्या, मी अकाउंट्स. त्यांच्या फिल्म क्लबात मी फक्त लॅपटॉप चालवायला. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे आपल्याला नाही म्हणताच येत नाही.

एका शुक्रवारी त्यांनी सभागृहात उल्हास नदीवरचा माहितीपट लावला. निवेदन नाही, संगीत नाही. नुसतं वाहतं पाणी आणि मध्येच एका म्हातारीचा आवाज, "सगळं पाणी निघून जातं, तरी नदी इथेच कशी?" मुलांनी शिट्ट्या मारल्या, मग एकेक करून निघून गेली. उरली एक मुलगी. मला वाटलं, झोपली असेल.

दिवे लागल्यावर ती म्हणाली, "मॅम, हे आमच्या शहाडचं पाणी. मी रोज पुलावरून नाक दाबून जाते. कधी बघितलंच नाही."

"मग आज काय दिसलं?"

"नाही सांगता येत. परत बघायला मिळेल?"

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी क्लब बंद करायला सांगितला. सभागृह नाचाच्या तालमींना हवं होतं.

बाई म्हणाल्या, "सर, पुढच्या शुक्रवारी तोच परत दाखवणार आहे."

"एका मुलीसाठी?"

"तिने मागितलाय ना."

सभागृह मिळालं नाही. बाईंनी घरची पांढरी चादर आणली. निवृत्तीला आलेल्या बाई स्टुलावर चढून वर्गाच्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवत होत्या आणि मी जीव मुठीत धरून स्टूल धरलं होतं.

मुलगी आली ती आईला आणि दोन मैत्रिणींना घेऊन. पाणी दिसताच आई मोठ्याने म्हणाली, "अगं, इथे पोहायचो आम्ही." मग ओशाळली.

"थांबवा जरा," बाई मला म्हणाल्या. "ताई, सांगा ना."

त्या माउलीने भावंडांबद्दल, गाळात रुतलेल्या चपलेबद्दल सांगितलं. मुली ऐकत राहिल्या. क्लब मग त्याच वर्गात चालला.

निवृत्तीनंतर बाई बाळकुमला मुलाकडे गेल्या आणि सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये सिनेमे दाखवू लागल्या. गेल्या वर्षी त्या अचानक वारल्या. मी त्यांच्या मुलाला भेटायला गेलो, तेव्हा इमारतीखालच्या फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात शनिवारच्या सिनेमाची सूचना तशीच होती. कुणी पुसली नव्हती.

शनिवारी क्लब हाउसमध्ये सोसायटीतल्या लोकांनी आणि मी तो सिनेमा लावला.