धोका टळल्यानंतरचा दगड

डॉ. शांताराम ओव्हाळ यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. आमच्या खगोलशास्त्राच्या संस्थेत मी प्रसिद्धी अधिकारी म्हणून नुकतीच रुजू झाले होते. कॉन्व्हेंटमध्ये नन्सच्या हाताखाली शिकल्यामुळे आपल्या इंग्रजीचा मला रास्त अभिमान होता, आणि एका लघुग्रहाबद्दलची पहिलीच बातमी मी भरपूर विशेषणं लावून सजवली होती. दुसऱ्या दिवशी एक उंच, सावळे गृहस्थ तो कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले. प्रत्येक विशेषणावर पेन्सिलीची बारीक रेघ होती.

“हे कोणी खोडलं?” मी विचारलं.

“मी. ओव्हाळ. हा दगड आहे, बाई. किती मोठा, किती लांब, कधी येणार, एवढं लिहा. आपण भयंकर आहोत हे त्याला माहीत नाही.”

“आणि वाचकांना रस कसा वाटायचा?”

“नाही वाटला तर पान उलटतील.”

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं. पुढे आम्ही वीसेक वर्षं एकाच मजल्यावर काम केलं आणि मला विशेषणांशिवाय लिहायची सवय लागली. सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी लेखात कुठेतरी ‘ऋषितुल्य’ हा शब्द यावा असं सुचवलं होतं. तो इथे सोडून कुठेही येणार नाही.

सरांचं काम काय, हे त्यांच्या शेजाऱ्यांनाही नीट माहीत नाही, म्हणून सांगते. सूर्याभोवती फिरणारे काही लघुग्रह पृथ्वीच्या वाटेच्या जवळून जातात. असा एखादा नवा दगड दुर्बिणीत दिसला, की पहिल्या काही रात्रींत त्याच्या वाटेचा अगदी लहान तुकडा हाती लागतो. कर्वेनगरच्या वळणावर एखादा स्कूटरवाला क्षणभर दिसावा आणि तेवढ्यावरून तो वारज्याला जाणार की डेक्कनला, हे ओळखावं, तसलं हे काम. जितकं जास्त पाहाल तितकी वाट नक्की होते. तोवर पृथ्वीला धोका आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही. सरांनी सारी नोकरी या ‘तोवर’मध्ये काढली. वडील रेल्वेत फिटर, बौद्ध कुटुंब, घर ताडीवाला रोडला. “पाहिल्याशिवाय मानायचं नाही, हे आम्हाला घरातच शिकवलं होतं,” असं सर म्हणतात.

या शिकवणुकीची किंमत त्यांना सेवेच्या शेवटच्या वर्षी मोजावी लागली. परदेशातल्या एका दुर्बिणीला पर्वतीच्या टेकडीपेक्षा थोडा लहान असा एक दगड दिसला. पहिल्या हिशेबात, काही वर्षांनी तो पृथ्वीवर आदळण्याची बारीकशी शक्यता निघाली. वाहिन्यांच्या गाड्या आमच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. सरांना विचारलं गेलं, दगड पुण्यावर पडणार का? सर म्हणाले, “अजून सांगता येत नाही.” त्यांच्या शास्त्रात याचा अर्थ ‘अजून सांगता येत नाही’ एवढाच. शहराने त्याचा अर्थ ‘पडणार’ असा लावला.

सरांच्या पत्नी सुशीलाताई तेव्हा हयात होत्या. मंडईत त्यांच्या नेहमीच्या भाजीवालीने त्यांना गाठलं. “वहिनी, साहेबांचा दगड कधी पडायचा ते आधी सांगा. मग मी कांदा जास्त भरत नाही.”

“भरा कांदा,” सुशीलाताई म्हणाल्या. “उद्या दूध किती घ्यायचं, तेसुद्धा साहेब नक्की सांगत नाहीत.”

तेव्हाच्या संचालकांना मात्र विनोद सुचत नव्हता. त्यांनी सरांना आणि मला बोलावून घेतलं. मी टाइप करायचं आणि सरांनी सही करायची, असा बेत होता.

“ओव्हाळ, लोक घाबरलेत. ‘धोका नाही’ एवढं लिहून द्या.”

“शक्यता फार कमी आहे, असं लिहितो.”

“ते नको. ‘नाही’ लिहा.”

“‘नाही’ हे मला अजून माहीत नाही, साहेब.”

“आणि समजा पडलाच, तर तुम्हाला जाब विचारायला उरणार कोण?”

संचालक स्वतःच हसले. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. “कोणी विचारणार नाही म्हणून उत्तर बदलत नाही,” एवढं म्हणून ते उठले. कागद माझ्या यंत्रात कोराच राहिला.

सर तिथून थेट तळघरात गेले. जुन्या काळी आकाशाचे फोटो काचेच्या पट्ट्यांवर घेत, त्या आमच्याकडे कपाटं भरून पडल्या आहेत. सरांचं म्हणणं असं, की हा दगड याआधीही कधीतरी जवळून गेला असणार, आणि दुसऱ्याच कुठल्या ताऱ्याचा फोटो घेताना तो चुकून त्यात आला असणार. हिशेब उलटा करून, तो केव्हा कुठे असायला हवा होता हे त्यांनी काढलं, आणि आम्ही दोघं एकेक काच उजेडावर धरून पाहू लागलो. वर टेलिफोन वाजत होते. खाली आम्ही डोळे फोडत होतो. अखेर एका काचेच्या कोपऱ्यात केसासारखी एक फिकट रेघ मिळाली. सरांनी ती मोजली, पुन्हा मोजली, आणि म्हणाले, “आता लिहा. येत्या शंभर वर्षांत हा दगड पृथ्वीवर आदळणार नाही.” खाली त्यांनी सही केली.

ते निवेदन मी गावभरच्या वर्तमानपत्रांना पाठवलं. एकाने छापलं, ‘भाड्याने देणे आहे’च्या खाली. ओव्हाळांचा दगड फुसका निघाला, असं लोक कट्ट्यांवर म्हणू लागले. महिन्याभरात सरांकडचं विभागप्रमुखपद काढून घेतलं गेलं. कारण दिलं, ‘जनतेत घबराट पसरवणे’. निवृत्तीच्या दिवशी निरोप म्हणून प्रत्येकी एक समोसा होता आणि चटणी संपली होती. आता त्याच संस्थेच्या सत्कार समितीने निमंत्रणपत्रिकेत ‘संकटकाळी पुणेकरांना तत्काळ दिलासा देणारे’ असा सरांचा उल्लेख केला आहे. तत्काळ दिलासा देण्याचं त्यांनी नाकारलं, म्हणून तर त्यांची खुर्ची गेली. निदान सत्काराच्या वेळी तरी माणसाने केलं काय, हे विचारून घ्यावं.

माझ्यावर सरांचे जे उपकार आहेत, ते त्यांना उपकार वाटत नाहीत. माझी धाकटी बहीण गेली आणि मी कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये एकटी उरले. दिवसपाणी होईपर्यंत माणसं होती. मग ती आपापल्या घरी गेली, ते बरोबरच होतं. त्यानंतर दर बुधवारी सरांचा फोन येऊ लागला.

“मोहितेबाई, काय विशेष?”

“काही नाही, सर.”

“ठीक. पुढच्या बुधवारी करतो.”

एकदा मी वैतागून म्हटलं, “सर, माझी काळजी करण्यासारखं काही नाही. मी ठणठणीत आहे. कशाला दर आठवड्याला?”

“काळजी नसली तरी नोंद ठेवावी, बाई. मध्ये फार खंड पडला की कोण कुठे आहे ते कळेनासं होतं.”

पुढे सुशीलाताई गेल्या. मुलगी कॅनडात आहे. आता बुधवारी “जेवलात का?” हा प्रश्न मी विचारते. “जेवलो,” असं सर म्हणतात. काय जेवलात हे विचारलं की फोन ठेवतात.

यंदा दिवाळीनंतरच्या एका बुधवारी मात्र सर बरंच बोलले. तो दगड परत येतो आहे, म्हणाले. धोका टळल्याचं कळल्यापासून जगात कोणीही त्याच्याकडे पाहिलेलं नाही. दुर्बिणींना नवे, भीतिदायक दगड पुष्कळ असतात. पण उन्हाने तापून दगडाला हलकासा धक्का बसत राहतो, वाट किंचित सरकते, आणि वर्षानुवर्षं पाहिलं नाही तर हिशेब चुकत जातो. “तो आहे तिथेच असतो, बाई. आपल्याला मात्र सापडेनासा होतो. शंभर वर्षांचं मी लिहून दिलंय. त्यापुढच्यांना काहीतरी हाती लागायला नको का?” या खेपेला तो चुकला, तर पुढची खेप अकरा वर्षांनी. सर तेव्हा शहाऐंशीचे असतील. हे त्यांनी सांगितलं नाही, मी मनात मोजलं.

त्यांनी संस्थेकडे डोंगरावरच्या दुर्बिणीचा एक तास रीतसर मागितला होता. उत्तर आलं, सदर वस्तूपासून धोका नसल्याने प्राधान्य देता येत नाही.

मी सत्कार समितीच्या चिटणिसांकडे गेले. ते संस्थेच्या प्रशासनातच आहेत, सभ्य आहेत, चहा चांगला देतात.

“मॅडम, आपण सरांना शाल, श्रीफळ आणि चांदीची दुर्बीण देतोय. एवढी.” त्यांनी हाताने वीतभर लांबी दाखवली.

“त्यातून काही दिसतं?”

“अहो, स्मृतिचिन्ह आहे ते.”

“मग खरी द्या. तासभर. परत करू.”

“ते माझ्या हातात नाही.”

“माझ्या हातात या ग्रंथातली चार पानं आहेत. सरांना काय नाकारलं, ते मी त्यात लिहिणार.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा आणखी मागवला. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. तास मंजूर झाला होता, आणि लेखातला तो मजकूर आता नसला तरी चालेल ना, असं त्यांनी विचारलं. मी आभार मानले. मजकुराबद्दल काही बोलले नाही.

दुर्बीण हल्ली संस्थेतल्या एका खोलीतून चालवतात. ठरलेल्या दिवशी दिवेलागणीला आम्ही तिथे गेलो. सरांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. यंत्रावर काळे नावाचे इंजिनिअर होते. संस्थेतून दुसरं कोणी आलं नाही. हिशेबाच्या जागी काळ्यांनी फोटो घेतला. दगड तिथे नव्हता. दुसरा घेतला. नव्हता. घड्याळाकडे पाहायचं मी टाळत होते. सर पडद्याला नाक लावून बसले होते. मग शांतपणे म्हणाले, “काळे, जरा पूर्वेला घ्या. उन्हाचा धक्का मी कमी धरला असेन.”

तिसऱ्या आणि चौथ्या फोटोच्या मध्ये एक ठिपका हलला. इतका फिकट, की मला तो सरांनी बोट ठेवल्यावर दिसला. सरांनी चष्मा पुसला आणि आकडे लगेच नोंदवायला सांगितले.

काळे आकडे टाइप करता करता म्हणाले, “सर, एक विचारू? याच्यापासून काही डेंजर नाहीये ना? मग एवढा आटापिटा कशाला?”

“डेंजर असता तर सगळ्या जगाने पाहिला असता,” सर म्हणाले. “याला पाहायला आपण तिघंच आहोत.”

परतताना रिक्षात ते माझ्या घरापर्यंत आले आणि मी कुलूप उघडेपर्यंत खाली थांबले. मग आपल्या बंद घराकडे गेले.

या ग्रंथातले बाकीचे लेखक सरांना शतायुषी होण्याच्या शुभेच्छा देतील. माझं मागणं नेमकं आहे. अकरा वर्षांनी तो दगड पुन्हा येईल, तेव्हाचा एक तास संस्थेने डॉ. ओव्हाळ यांच्या नावे आजच राखून ठेवावा. सरांनी वेळेवर जेवावं, काय जेवले ते सांगावं, गुडघे आणि डोळे जपावेत, आणि त्या संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून यावं. मी असेन तर येईनच. आणि हे वाचणाऱ्यांपैकी इतके जण यावेत, की त्या खोलीत खुर्च्या कमी पडाव्यात.