मीटरवाल्यांची चाल

टेलरबाईंचं शिलाई मशीन दिवसातून कितीदा तरी मध्येच थांबायचं. धागा तुटला म्हणून नव्हे. आतल्या खोलीतली पावलं थांबली, की बाईंचा पाय आपोआप थांबायचा. बाई पुढच्या खोलीत, कान मागच्या खोलीत. गिऱ्हाईक बाहीचं माप सांगतंय आणि बाई भिंतीकडे बघतायत, असा कारभार.

आत त्यांचे यजमान असायचे. पाण्याचे मीटर वाचत जन्मभर घरोघर फिरलेला माणूस. सगळे त्यांना मीटरवालेच म्हणत. नव्या संसारात त्यांच्यासोबत बाहेर पडायचं, तर बाईंना पदर खोचून पळावं लागे. "अहो, मागे कुणीतरी आहे हो!" असं ओरडावं लागे. आता त्याच माणसाला विस्मरणाच्या आजारानं धरलं होतं, आणि आजार डोक्यातून पायात उतरला होता. पाऊल उचलायचं नाही, नुसतं घासायचं. दारापाशी तर पाय जमिनीला चिकटल्यासारखे. एकदा पडले, ते निभावलं. पुन्हा पडले तेव्हा कपाळाला टाके पडले आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, "काकू, काकांना गाण्यावर चालवून बघू."

"चालता येईना, आणि तू त्यांना नाचवतेस?"

मुलगी हसली. "नाचायचं नाही, ठेक्याला पाऊल टाकायचं. आपण सांगितलेलं ते विसरतात. ठेका लक्षात ठेवावा लागत नाही. सगळ्यांनाच जमतं असं नाही, पण बघायला काय हरकत आहे?"

घरी येऊन बाईंनी उत्साहानं फोनवर एक उडतं गाणं लावलं. मीटरवाल्यांचे पाय ठेक्यामागे धावले, अंग पुढे झुकलं. कपाट आडवं आलं म्हणून वाचले, नाहीतर तोंडावरच आपटले असते. बाईंनी गाणं बंद केलं. दवाखान्यात जाऊन त्या मुलीवर उखडल्याच.

"गाण्याची चाल त्यांच्या चालीहून जलद नको," मुलगी शांतपणे म्हणाली. "आधी त्यांचे पाय बघा, मग गाणं निवडा. आणि सुरुवातीला हात धरूनच."

मग संथ गाणी शोधली. बाई हात धरून शेजारी चालायच्या, प्रत्येक पावलाला जीव मुठीत. पण हळूहळू टाच उचलली जाऊ लागली, पाऊल लांब पडू लागलं. दारातही अडेनासं झालं. एकटेच खोलीत फिरू लागले, तशी बाईंना थोडी उसंत मिळाली.

एका दुपारी त्या एका अवघड गळ्याच्या शिलाईत गढून गेल्या. भानावर आल्या तेव्हा आत गाणं चालू होतं, पावलं नव्हती. खोलीत कॉटवर नुसता फोन गात पडला होता. मागचं दार सताड उघडं.

गळ्यात टेप, पायात चप्पल नाही, अशा बाई धावत सुटल्या. आधी मोठ्या रस्त्याकडे गेल्या. तिथं वाहनं सुसाट धावत होती. गर्दी नव्हती, कुणी पडलेलं नव्हतं. तरी धीर धरवेना. मागच्या गल्लीत वळल्या, तर एका घराच्या फाटकाशी मीटरवाले वाकून मीटरचं झाकण उचकटत होते. घरमालकीण कमरेवर हात ठेवून उभी.

"तुमचे का हो हे? मला वाटलं, भरदिवसा चोर!"

बाईंनी धापा टाकतच मान हलवली. मीटरवाल्यांनी त्यांच्याकडे वळून अदबीनं विचारलं, "बाई, रीडिंग घ्यायचंय. घरात कुणी आहे ना?"

बाईंनी त्यांचा हात धरला. "आहे. पण पुढचं घर आधी घ्या. चला, दाखवते."

ते निघाले, आणि दोन पावलांत पाय थिजले. फोन तर घरी. भर रस्त्यात बाई टाळ्या वाजवत गाऊ लागल्या. सूर कुठल्या कुठे, पण ठेका सोडला नाही. तशीच दोघं घरी पोचली.

"चाल सुधारली म्हणून वाट कळायला लागली असं नाही, काकू," दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मुलगी म्हणाली. "हे मी आधीच बजावायला हवं होतं."

मागच्या दाराला वर कडी आली. संध्याकाळी दुकान लवकर बंद करून दोघं गल्लीत गाण्यावर फेऱ्या मारू लागली. पडणं कमी झालं. आजार जिथल्या तिथे राहिला. कधी बाईंना ओळखत, कधी नाही. शेजारची वहिनी विचारायची, "काय म्हणतायत मीटरवाले?"

"चालतात गं," बाई म्हणायच्या. "आता त्याचीच भीती."