वाऱ्याची विहीर

माझी थोरली बहीण घरं बांधते, म्हणजे कागदावर बांधते, आणि मी एसी बसवतो. ताईच्या मते थंडावा ही विकत घ्यायची वस्तूच नाही, आणि माझं पोट नेमकं त्याच विक्रीवर. आमच्या मध्ये बाबा. शाळेत खेळाचे मास्तर म्हणून जन्म काढलेला माणूस, हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. जेवताना मीठ मागायचे तरी मैदानावर कवायत चालली आहे असं वाटायचं. त्यामुळे आमच्या घरात कुणाचं कुणापासून काही लपत नसे, आणि लपवावं असं कुणाच्या डोक्यातही येत नसे. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे, असं माझं मत.

ताईने आयुष्यात एकच वसाहत पूर्ण स्वतःच्या मनासारखी बांधली. इमारती बुटक्या, मधोमध बाग, गाड्या फाटकापाशीच ठेवायच्या, आंघोळीचं पाणी गाळून झाडांना. पण तिचा खरा जीव अडकला होता तो प्रत्येक इमारतीच्या पोटातल्या पोकळीत. तळापासून गच्चीपर्यंत सरळ उभी पोकळी, आणि प्रत्येक घराचा एक झरोका तिच्यात उघडणारा. बागेकडच्या खिडकीतून गार हवा आत यायची, घरातली तापलेली हवा झरोक्यातून पोकळीत शिरून वर निघून जायची. यंत्र नाही, वीज नाही. लोक तिला वाऱ्याची विहीर म्हणू लागले. पहिल्या उन्हाळ्यात मी मुद्दाम भर दुपारी गेलो, खोड काढायला. पंखा बंद होता आणि खिडकीचा पडदा आत फुगला होता. मी मुकाट्याने सरबत पिऊन परत आलो.

एसी लावायचा नाही, असा वसाहतीचा नियमच होता. सगळ्यात जास्त तापतो वरचा मजला, म्हणून तिथलं घर ताईने स्वतःला घेतलं. मीच तिथे राहिले तर लोकांचा विश्वास बसेल, असं तिचं म्हणणं. तोवर आजारपणात बाबांचे पाय गेले होते. त्यांचा पलंग तिने झरोक्याखाली ठेवला, तिथे हवा सगळ्यात चांगली म्हणून.

आणि विहिरीतून हवेबरोबर आवाजही वर येऊ लागले. ताईने वाऱ्याचं गणित बारकाईने केलं होतं, बोलण्याचं केलंच नव्हतं. दुसऱ्या कुणाला ते आधी सुचलं असतं. आमच्यासारख्या बोंबलभिक्या घरात वाढलेल्या बाईला कसं सुचणार? बाबांना मात्र लॉटरीच लागली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला इमारतभरचा संसार घरपोच मिळू लागला. तळमजल्यावरच्या मुलीचे पाढे कुठे अडतात, कुणाच्या आजोबांना खोकला झालाय, सगळं त्यांना ठाऊक. पाढा चुकला की ते वरून आकडा ओरडायचे आणि खालून ती मुलगी खुशाल पुढे म्हणायची.

मग एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर भांडण झालं. तिथली सून नर्स होती. तिला पुढे शिकायचं होतं आणि नवरा नको म्हणत होता. बाबांना राहवलं नाही. ते झरोक्याकडे तोंड करून गरजले, "अहो, शिकू द्या की तिला!"

इमारत एकदम चिडीचूप झाली. मग कुठेतरी कुणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी त्या घरच्या झरोक्यावर आतून प्लायवूड ठोकलेलं होतं. बाकीच्यांनाही कळून चुकलं की आपण ऐकतो तसे ऐकूही जातो, आणि एकेक झरोका बंद होत गेला. झरोके बंद झाले तशी घरं तापू लागली. सभेत एसीचा नियम रद्द झाला. एसीची बाहेरची यंत्रं लागली बागेकडच्या भिंतीवर, खिडक्यांखाली, आणि त्यांची गरम फुंकर चढायची ती सरळ ताईच्या घरात.

तिने हार मानली नाही. आवाज अडेल आणि हवा जाईल असा कापसाचं अस्तर लावलेला वाकडा झरोका स्वतः करून सभेत नेला. एका घराचा झरोका बंद झाला की बाकीच्यांच्या हवेचा ओढा कसा कमी होतो, हेही समजावलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी ती नर्स उठली.

"ताई, तुमची हवा चांगली होती हो," ती म्हणाली. "पण मला माझ्या घरात रडायचं तरी असतं ना."

तो झरोका काखेत मारून ताई जिना चढून आली.

त्या दिवसापासून बाबा हळू बोलायला लागले. पाणी मागायचे तरी कुजबुजत. ताईने लाख सांगितलं की चूक तुमची नाही, माझ्या नकाशाची आहे. ते नुसते झरोक्याकडे बघत पडून राहायचे.

ताईच्या वसाहतीतलं काम मी कधी घेतलं नाही. दुसऱ्यांनी मात्र तिथे भरपूर कमावलं. पण या उन्हाळ्यात उकाड्याने बाबांची एकदा शुद्ध हरपली, थोड्या वेळाने परत आली. खोली थंड ठेवा, नाहीतर मी काही सांगू शकत नाही, असं डॉक्टर स्पष्टच म्हणाले. ताईने मला फोन केला. "येताना सामान घेऊन ये," एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं तिला चिडवलं, पण असं जिंकायचं नव्हतं मला.

मी भिंतीला भोक पाडत होतो तेव्हा तिने शिडी धरली होती. यंत्र सुरू झालं. राहिला झरोका. तो उघडा ठेवला तर सगळा गारवा विहिरीत जाणार, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. तिने आधीच फळी मापात कापून ठेवली होती.

"थांब जरा," बाबा कुजबुजले, आणि त्यांनी कान लावला. आम्हीही ऐकलं. पाढे नाहीत, खोकला नाही. नुसती खालच्या यंत्रांची घरघर. बऱ्याच वेळाने त्यांनी हातानेच खूण केली. ताईने फळी धरली आणि मी स्क्रू पिळले.

खोली लवकरच गार झाली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "बाबा, आता हवं तेवढं मोठ्याने बोला. कुणाला ऐकू जाणार नाही."

त्यांनी मान हलवली. बोलले काहीच नाहीत.