विनूदादाचा शिक्का

विनूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या माझ्या शेडमध्ये काजूचा माल बघत होतो. फोनवर शैलावहिनी स्वतः रडत होत्या, तरी मी त्यांच्या शेजाऱ्याला फोन करून विचारलं, खरं का? आधी चौकशी, मग रडणं... ही खोड मला दादाच्याच शेजाराने लागली. त्याची शेड माझ्या शेडला लागूनच. दोन महिने होत आले, तिला कुलूप आहे.

देशावरच्या सरकारी विमान कारखान्यात त्याची सगळी नोकरी तपासनीस म्हणून गेली. निवृत्त होऊन आला तेव्हा वाटलं, आता हापूसची कलमं लावून स्वस्थ बसेल. पण हा गडी मिरजोळ्यात दोन यंत्रं टाकून लढाऊ विमानाच्या पंखातली एक बिजागरी बनवू लागला. तळहातावर मावेल एवढी. ती एक मोठी खासगी कंपनी घ्यायची आणि मग ती विमानात बसायची, निदान कंपनी तसं सांगायची. दादाला त्याचाही संशय. आपली बसवतात की गोदामात टाकतात, कोणी बघितलंय, असं चहा पिताना म्हणायचा आणि पुन्हा यंत्रापाशी जायचा. धातूवर संशय, मापाच्या उपकरणावर संशय. मी प्रेमाने दिलेलं काजूचं पाकीटही त्याने माझ्यासमोर ओतून निवडून पाहिलं. मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नव्हतो.

तपासलेल्या प्रत्येक बिजागरीवर तो एक बारीक पोलादी शिक्का ठोकायचा. त्यात त्याचा क्रमांक. विमानाच्या धंद्यात हा शिक्का माणसागणिक वेगळा असतो आणि तो कोणी कोणाला उसना देत नाही. पुढेमागे काही बिघडलं तर त्या खुणेवरून थेट माणूस सापडतो. एकदा दादा तापाने फणफणला होता. कामगार शिक्का मागायला घरी गेला, तर हा शाल गुंडाळून रिक्षाने शेडवर आला, सगळा माल स्वतः तपासला आणि मगच शिक्का मारला. मला तो शुद्ध वेडेपणा वाटला.

गेल्या वर्षी कंपनीकडून एक खोका आला. आत तयार बिजागऱ्या, अगदी गुळगुळीत, फक्त एका कडेची कोणाची तरी खूण घासून काढलेली. निरोप असा, की आता नवीन बनवू नका, यांच्यावरच तुमचा शिक्का मारा. विमान कागदोपत्री स्वदेशी व्हायला हवं होतं. मी म्हटलं, मारून टाक दादा, माल तर चांगला दिसतोय. तो बराच वेळ एक बिजागरी उलटसुलट करत बसला...

"बाहेरची हाय तर बाहेरची म्हणून लावा, माझं काय म्हणणं नाय. पण उद्या त्यांनी द्यायची बंद केली, तर सगळ्यांना वाटणार रत्नागिरीत कोणतरी बनवतंय. आणि रत्नागिरीत कोणच नसणार."

खोका परत गेला. त्यानंतर काम आलं नाही. कामगार जयगडला बंदरावर लागले. दादा मात्र रोज शेड उघडायचा आणि उरलेल्या धातूतून एखादी बिजागरी करायचा, हात विसरू नयेत म्हणून. माल खरंच चांगला असेल तर त्याचं चुकलं, असं मला आजही अधूनमधून वाटतं. पण मग ती खूण कोणी आणि कशाला घासली? आणि राग येतो.

तेराव्यानंतर कंपनीचा माणूस सांत्वनाला आला. फोटोला हार घातला, फार गोड बोलला. उठता उठता म्हणाला, दादांचा शिक्का आठवण म्हणून आमच्याकडे जपून ठेवू. वहिनींनी शांतपणे सांगितलं, तो अस्थींबरोबर खाडीत सोडला. तो हात जोडून निघून गेला. अस्थी सोडायला मी होतो. शिक्का नव्हता.

परवा वहिनींकडे गेलो. कोणी नाही असं बघून म्हटलं, वहिनी, तुम्ही एकट्या, तो शिक्का माझ्या तिजोरीत ठेवू का? त्यांनी कप खाली ठेवला. दादा बिजागरी तपासायचा तसं मला नीट न्याहाळलं.

"तुम्हाला कशाला हवा, भावोजी?"

मला जराही वाईट वाटलं नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या घरात मी निर्धास्तपणे चहा प्यायलो.